जे माझ्या हातांनी सांगितलं

७ सप्टेंबर, रविवार

मनगटं ठणकतायत. कोमट पाण्यात बुडवून ठेवली, तेल चोळलं, तरी तेच. उपासना दीड तास, आणि वर पाळकांच्या खोलीत पाऊण तास. इतकं बोलल्यावर लोकांचा घसा बसतो. माझे हात बसतात.

खळीने पाळकांची वेळ मागितली होती. (गालाला बोट लावून फिरवायचं – हे तिचं खुणांतलं नाव. कागदावरचं वेगळं आहे, ते कोणी वापरत नाही. चर्चमधल्या बहिऱ्यांच्या बाकावर सगळ्यांना अशीच नावं. मला ‘कोपर’ म्हणतात. लहानपणी बोलताना शेजारच्याला कोपर मारायचे म्हणे.) खोलीतलं बाहेर बोलायचं नाही हा आमच्या दुभाषीच्या धंद्याचा नियम. पण वही म्हणजे बाहेर नव्हे.

खळी चौतीसची. कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करते. नवरा ऐकणारा. रविवारी चर्चच्या दारात उभा राहून लोकांना जागा दाखवतो, म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या चढवतो. सगळ्या मंडळीचा लाडका!

ती म्हणाली – बाहेर जाताना दाराला बाहेरून कडी घालतो. फोन काढून घेतो. दोनदा ढकललं. मग म्हणाली – मी घर सोडू का? चर्चमागच्या वसतिगृहात मला खोली मिळेल का?

हे मी मोठ्याने म्हटलं. आमच्यात ‘ती म्हणते’ असं म्हणायचं नसतं, सरळ ‘मी’ म्हणायचं. पंचवीस वर्षं झाली, दिवसभर दुसऱ्यांचं ‘मी’ बोलते. घरी येऊन स्वतःचं ‘मी’ म्हणायचा कंटाळा येतो.

पाळक माझ्याहून दहा वर्षांनी लहान. वाईट माणूस नाही. तिला पाणी दिलं. मग म्हणाले, “विचारलंत हे फार बरं केलंत. लग्न हा देवापुढे दिलेला शब्द. पवित्र शास्त्र या बाबतीत स्पष्ट आहे. मला एक महिना द्या. मी त्याच्याशी बोलतो. तोवर तुम्ही घरीच राहा.”

मी सगळं हातांनी सांगितलं. ‘मी बोलतो’ म्हणताना हात माझ्याच छातीवर. ‘घरी’ – दोन्ही पंजांचं छप्पर. ‘राहा’ – पंजा खाली, घट्ट. स्वच्छ खुणा केल्या. चुकायला जागाच नव्हती.

खळी माझ्या हातांकडे बघत राहिली. मग उठली, खुर्ची नीट सरकवली आणि गेली.

८ सप्टेंबर, सोमवार

दिवसभर कोर्टात. दोन बहिरे भाऊ, एका गॅरेजवरून भांडण. दोघांच्याही वतीने मीच खोटं बोलले. त्याचं काही वाटलं नाही. वाटायला हवं का?

१० सप्टेंबर, बुधवार

पाळकांचा बुधवारचा वर्ग. विषय – बरं-वाईट ठरवायचं कोणी? त्यांनी फळ्यावर स्टूल काढलं. चार पाय. शास्त्र, परंपरा, बुद्धी, अनुभव. “ख्रिस्ती माणूस या चारांवर बसून निर्णय घेतो.” चित्र बरं जमलं होतं, फक्त एक पाय आखूड होता. अनुभवाचा!

माझी पंचाईत ‘अधिकार’ शब्दाशी. आमच्या बाकावर त्याला एकच खूण – खांद्यावर मूठ. पोलीस, मुख्याध्यापक, कारखान्याचा मालक, सासू – सगळ्यांना तीच. ‘शास्त्राचा अधिकार’ म्हटलं की शास्त्र खाकी घालून उभं राहतं. मग बोटांनी एकेक अक्षर पाडत बसले.

‘सदसद्विवेक’ मात्र सोपा गेला. ती आईची खूण आहे. बरगडीवर आतून कोणी टकटक करतंय अशी बोटं. आई बहिरी होती. शाळा तीन यत्ता. खूण तिने स्वतःच बनवलेली, मी लहानपणी चोरी केली तेव्हा. बाकाला लगेच कळलं. म्हातारा सुतार म्हणाला, “हे मला रोज जेवणानंतर होतं.” सगळे हसले. ऐकणाऱ्यांना कळेना, बहिरे का हसतायत. असं कधीतरी होतं. मला फार आवडतं.

मग खळीने हात वर केला. “चार पाय आपसात भांडले तर?”

पाळक म्हणाले, “तर शास्त्राच्या पायावर भार टाकायचा.”

मंडळीचे एक पंच, चष्म्याच्या दुकानवाले, मागून बोलले, “आणि शास्त्राचा अर्थ मंडळीने लावायचा! प्रत्येकाने आपापला लावला तर स्टूल कसलं, सरपण होईल.”

ऐकणारे हसले. खळी हसली नाही. विनोद माझ्या हातांनी पोचेपर्यंत शिळा झालेला असतो.

तिचा नवरा दारात चहाचे कप घेऊन उभा होता.

१४ सप्टेंबर, रविवार

नवऱ्याने खळीला हात धरून जागेवर आणलं. रुमालाने बाक पुसला. पाळकांनी माझ्याकडे बघून मान हलवली – बघा, जमलं. नंतर म्हणालेही, “मी त्याच्याशी बोललो. रडला बिचारा. तुमचेही आभार. तुमच्या हातांमुळे हे झालं.”

मी म्हटलं, “माझं काय त्यात?”

घरी बाबांना विचारलं, “तुम्ही सोळा वर्षं पंच होतात. एखादी बाई नवऱ्याला सोडायचं म्हणत आली तर काय करायचात?”

“कसली बाई वेडी?”

“वेडी नाही. सोडायचं. सोडायचं!”

बाबा एक्क्याऐंशीचे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. बायको बहिरी होती तेव्हा यांना चांगलं ऐकू यायचं, तरी खुणा शिकले नाहीत. आता स्वतःला ऐकू येत नाही आणि यंत्र लावायचं नाही. या घरात मी दोन्ही टोकांना दुभाषीच.

शेवटी पाटीवर लिहून दिलं. वाचून म्हणाले, “आम्ही मंडळीपुढे ठेवायचो. मंडळी ठरवेल ते. एकट्याचं डोकं चुकतं, दहा जणांचं सहसा चुकत नाही.”

“आणि दहाही चुकले तर?”

ऐकू आलं नाही. की आलं? कधीकधी कळत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी इस्पितळातून फोन. बहिरी रुग्ण, दुभाषी हवी. गेले. तपासणीच्या खाटेवर खळी.

उजवा हात. दोन बोटं आणि मनगट मोडलेलं.

नवरा बाजूला उभा. चेहरा पांढरा. डॉक्टर बाईने विचारलं, कसं झालं? खळीने डाव्या हाताने उत्तर दिलं – जिन्यावरून पडले. डाव्या हाताने बोलणारी खळी म्हणजे बोबडं मूल. मी म्हटलं, “जिन्यावरून पडले.” वाढवायचं नाही, वगळायचं नाही, आपलं घालायचं नाही.

डॉक्टर बाई हुशार. नवऱ्याला म्हणाली, “खालच्या मजल्यावर एक फॉर्म भरावा लागेल. तुम्हीच जा.” तो गेला. तिने दार लावलं आणि नुसती खळीकडे बघत उभी राहिली. काही विचारलं नाही.

खळीचा डावा हात उठला. मी बोलत गेले –

“दारात होते मी. निघत होते. त्याने दार ओढलं. माझा हात फटीत होता. त्याला दिसत होता. त्याने परत ओढलं.”

माझा हात. माझा. माझ्याच आवाजात.

डॉक्टर बाईने लिहून घेतलं. मी वॉशबेसिनपाशी जाऊन नळ सोडला आणि नुसती उभी राहिले.

२० सप्टेंबर, शनिवार

वसतिगृहाच्या मेट्रनने खळीला खोली दिली. पाळकांना विचारलं नाही, पंचांना विचारलं नाही. काल संध्याकाळी इस्पितळाच्या दारात रिक्षा घेऊन हजर! मी म्हटलं, पंच काय म्हणतील? म्हणाली, “किल्ल्या माझ्या कमरेला असतात, पंचांच्या नाही.”

ही बाई चर्चमध्ये कायम डुलक्या काढते. बुधवारच्या वर्गाला एकदाही आली नाही.

माझ्या मात्र जिवाला स्वस्थता नाही. भांडी घासली. घासलेली परत घासली. ‘घरीच राहा.’ छप्पर. पंजा खाली, घट्ट. कोणाचे हात होते ते? पाळकांचे तर मांडीवर होते.

२१ सप्टेंबर, रविवार

आज उपासनेत थांबले.

पाळक प्रार्थना करत होते – सर्व कुटुंबं एकत्र राहोत, तुटू पाहणारी घरं जोडली जावोत. ‘जोडली’ची खूण करायला हात वर गेले आणि हवेतच राहिले. आठ जोडी डोळे माझ्यावर. खळी आली नव्हती. प्रार्थनेत ऐकणारे डोळे मिटतात, बहिऱ्यांना उघडे ठेवावे लागतात. त्यामुळे मी थांबलेली फक्त त्यांनाच दिसली.

सुतार म्हणाला, “संपली?”

मी म्हटलं, “नाही. चालू आहे. मी थांबलेय.”

“का?”

इतक्या वर्षांत मला असा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. माझं ‘का’!

२३ सप्टेंबर, मंगळवार

तीन दिवस शास्त्र काढून बसतेय. नवऱ्यांनी बायकांशी कठोर वागू नये – सापडलं. बायकांनी अधीन राहावं – तेही सापडलं, त्याच पानावर! दुबळ्याचा हात धरा – कितीतरी ठिकाणी. विश्रांतीचा दिवस माणसासाठी आहे, माणूस त्या दिवसासाठी नाही – हे वाचून उड्या माराव्याशा वाटल्या. मग लक्षात आलं, मी वाचत नाहीये. हत्यार शोधतेय. जे हवं होतं ते मिळालं की पान मुडपतेय, नको ते उलटतेय. पाळकांनी हेच केलं असेल तर ते आणि मी काय वेगळे?

पुस्तकाच्या शेवटी वाढवू नका, वगळू नका अशी ताकीदही आहे. आमच्या धंद्यासारखीच. पुस्तक मिटलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

बाईंकडे गेले. माझ्या गुरू. मला दुभाषी केलं ते त्यांनी. आता बोटं संधिवाताने वाकडी झालीत, त्यामुळे या शहरात कोर्टा-पोलिसांच्या कामाला मी एकटीच उरलेय.

सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तू टेलिफोन आहेस. टेलिफोनवरून कोणी शिवी दिली तर टेलिफोनला पाप लागतं का?”

“टेलिफोनला हात नसतात, बाई.”

“मग काय करायला हवं होतंस? त्यांनी ‘राहा’ म्हटलं, तू ‘निघ’ म्हणायचंस? उद्या दुसरी दुभाषी उलटं करेल. मग बहिऱ्यांनी विश्वास कोणावर ठेवायचा?”

खरं आहे. इकडे आड, तिकडे विहीर. निघताना त्यांनी वाकड्या बोटांनी माझा गाल थोपटला. “हात बदलू नकोस. पण तुला तोंडही आहे. ते वापरायचं असेल तर उघड वापर, आपल्या नावाने.”

हे पटलं. हेच करायचं. रविवारी पंचांची बैठक आहे. नवऱ्याने अर्ज दिलाय – बायको परत हवी, झालं ते अपघाताने झालं, मंडळीने समेट करावा. चोर तो चोर, वर अर्ज!

२७ सप्टेंबर, शनिवार

उद्या काय बोलायचं ते आरशापुढे चार वेळा बोलून पाहिलं. बाबा दारातून बघत होते. म्हणाले, “नाटकात काम मिळालं का?”

२८ सप्टेंबर, रविवार

बोलले.

पाळक, चष्मेवाले पंच, आणखी दोन पंच, खळी, मी. नवऱ्याला बाहेर बसवलं होतं. चष्मेवाले म्हणाले, “आम्ही कोणाच्या बाजूने नाही. पण मंडळीचा एक क्रम असतो. आधी समेटाचा प्रयत्न. कोर्ट-पोलीस शेवटी.” मी हातांनी सांगितलं, सगळं, नीट. मग हात खाली घेतले आणि म्हटलं, “इथवर तुमचं. आता हे माझं.”

आणि सुटलेच! म्हटलं, ही सात तारखेला याच खोलीत आली होती. हिने तुम्हाला विचारलं, घर सोडू का. हात जोडून विचारलं. तुम्ही शास्त्र पुढे केलंत आणि हिला त्या दाराकडे पाठवलंत. आता हिचा हात मोडला तर तुम्ही हात वर करताय. फळ्यावर स्टूल काढता, अनुभवाचा पाय आखूड काढता! कोणाचा अनुभव? दार कोणाच्या बोटांवर लागतं?

आवाज चढला होता. चष्मेवाले म्हणाले, “दुभाषीने दुभाषीचं काम करावं.” पाळक खाली मान घालून बसले. मला – खोटं कशाला लिहू – बरं वाटलं. पंचवीस वर्षांनी स्वतःचा आवाज! आतली टकटक थांबल्यासारखी वाटली.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. खळीने प्लास्टरचा हात टेबलावर आपटला होता.

“काय चाललंय? काय बोललीस तू?”

मी बोलत होते आणि हात खाली होते. तिच्याबद्दल पाच मिनिटं भांडले आणि तिलाच काही कळू दिलं नाही!

मग सांगितलं तिला, काय काय बोलले ते. ती काहीतरी म्हणाली. पंचांनी विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, “थकलीये म्हणते.”

बैठक पुढच्या आठवड्यावर गेली.

ती काय म्हणाली ते आज लिहवत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

लिहिते.

मी तिला खुणांनी सांगितलं – ‘तू विचारलं होतंस, घर सोडू का, त्यांनी नाही म्हटलं.’ ती डाव्या हाताने म्हणाली –

“विचारलं? कोणी विचारलं? मी सांगितलं होतं. घर सोडतेय. खोली लागेल. किल्ली द्या.”

खुणांत शब्द तेच असतात. मी, घर, सोडणं. प्रश्न असेल तर भुवया वर जातात. नसेल तर नाही. एवढाच फरक. पहिल्या दिवशी शिकवतात. मला तर शिकवावंही लागलं नाही, पाळण्यात असल्यापासून येतं.

डोळे मिटून सात तारीख आठवली. तिच्या भुवया. सपाट होत्या. टेबलासारख्या सपाट. मी बघत होते आणि तरी म्हटलं – ‘सोडू का?’

का?

आईमुळे. नाही, आईचं नाव कशाला. माझ्यामुळे. सहा-सात वर्षांची असल्यापासून आईबरोबर दुकानात, बँकेत, चर्चमध्ये मीच. आई खुणेने म्हणायची, ‘हे नासलंय. बदल.’ मी दुकानदाराला म्हणायचे, “आई विचारते, बदलून मिळेल का?” आई म्हणायची, ‘मी पुढच्या बाकावर बसणार.’ मी म्हणायचे, “आईला पुढे बसू द्याल का?” बहिरी बाई ठणकावून बोलली की लोकांची तोंडं वाकडी व्हायची. मी ‘का’ जोडलं की हसायची. लोक मला म्हणायचे, किती गोड बोलते तुझी आई! तिच्या प्रत्येक वाक्याला मी शेपूट लावली – का? का? का? चाळीस वर्षांत हाताला इतकी सवय झाली की लावतेय हे कळतही नाही.

पाळकांनी त्या दिवशी पहिलाच शब्द काय उच्चारला? ‘विचारलंत.’ तो शब्द त्यांच्या तोंडात मी घातला होता. आणि काल त्याच शब्दाने त्यांना सोलून काढलं, वर पंचांपुढे ‘हात जोडून’ हेही वाढवलं! आणि मग जाणूनबुजून खोटं – ‘थकलीये म्हणते.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि ती आतली टकटक – दुसऱ्यावर ओरडत असताना थांबली होती. आज पुन्हा सुरू. मला वाटलं होतं ती देवाची. काल थांबवली कोणी मग?

१ ऑक्टोबर, बुधवार

वर्गाच्या आधी पाळकांकडे गेले. उभ्यानेच सांगितलं. तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. ‘का’ माझं.

ते म्हणाले, “म्हणजे मी परवानगी नाकारली, आणि ती कोणी मागितलीच नव्हती.”

“मी ‘सोडतेय’ असंच सांगितलं असतं तर तुम्ही किल्ली दिली असती?”

“कदाचित. कदाचित अडवलंही असतं. हे ‘कदाचित’ आता मला जन्मभर पुरेल.” मग म्हणाले, “मी म्हटलं होतं, शास्त्र स्पष्ट आहे. परवा ती ओळ पुन्हा काढली. बायकोने नवऱ्यापासून निघू नये, एवढं मला पाठ होतं. त्याला लागूनच पुढे आहे, निघालीच तर तिने कसं राहावं. म्हणजे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, बायका निघतात. मी अर्ध्यावर थांबलो होतो.”

मी तिथेच घुटमळले. त्यांना कळलं असावं मी कशासाठी थांबलेय.

“माझ्याकडून क्षमा हवीय का?” ते म्हणाले. “ताई, ती माझ्याजवळ नाही. आपण दोघं एकाच रांगेत आहोत, आणि खिडकी तिच्याकडे आहे.”

आज वर्गात त्यांनी स्टूल काढलं नाही. म्हणाले, मला या विषयात अजून काही कळलेलं नाही, आज नुसती प्रार्थना करू. चष्मेवाले तडकले. पाळकालाच कळेना तर लोकांनी जायचं कुठे!

प्रार्थना मी हातांनी सांगितली. छोटी होती.

२ ऑक्टोबर, गुरुवार

खळीच्या खोलीवर गेले. एक खाट, एक टेबल, खिडकीत तिने डाव्या हाताने धुतलेले कपडे, पिळलेले नव्हते, टपटपत होते. मी पिळू का म्हटलं. नको म्हणाली.

सांगितलं सगळं. शेपटीचंही. ‘थकलीये’चंही.

तिने विचारलं, “त्या दिवशी पाळक म्हणाले, विचारलंस बरं केलंस. मला वाटलं, त्यांना असंच वाटतं. आम्ही काही सांगितलं की ऐकणाऱ्यांना ते विचारल्यासारखंच दिसतं. तू होतीस होय मध्ये?”

“हो.”

“मी का परत गेले माहितीये? पाळक म्हणाले म्हणून नाही. पाळक काय, उद्या दुसरे येतील. तुझे हात ‘घरी राहा’ म्हणाले. इतकं स्वच्छ म्हणाले. तू आमच्यातली. मला वाटलं, कोपरलाही असंच वाटतं. मग मीच चुकत असेन.”

मी म्हटलं, “मला माफ—”

तिने डोळे मिटले.

बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की बोलणं संपतं. मी थोडा वेळ बसले. कपड्यांचं पाणी फरशीवर पडत होतं. मग उठून आले.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी पंचांचं पत्र. ‘दुभाषीने पदाची मर्यादा ओलांडल्यामुळे तूर्त विश्रांती घ्यावी.’ उपासनेला मागच्या बाकावर बसले, हात मांडीवर घेऊन. पुढे आठ जण पाळकांच्या ओठांकडे बघत होते. सुताराने दोनदा मागे वळून पाहिलं. माझ्या चुकीचा दंडही त्यांनाच!

उपासनेनंतर पुढच्या बैठकीत मी एकच वाक्य बोलले – ‘थकलीये’ म्हणाली नव्हती, आणि काय म्हणाली ते. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे आपण इतके दिवस जे ठरवतोय ते...” नवऱ्याचा अर्ज फेटाळला. वाटलं होतं, हलकं वाटेल. छे.

बाबांना पाटीवर लिहून दाखवलं, सगळं, लहानपणापासूनचं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, “तुझी आई मला एकदा म्हणाली होती, पोर माझं बोलणं गोड करते.”

“तुम्हाला कसं कळलं ती काय म्हणाली? तुम्हाला खुणा येत नव्हत्या.”

“तेवढं कळायचं,” ते म्हणाले. “आवडत नव्हतं तिला.”

पाटी पुसून टाकली. मग जाऊन पुन्हा भांडी घासली.

६ ऑक्टोबर, सोमवार

खळीचा निरोप फोनवर, लिहून – ‘उद्या पोलिसांत जबानी. तूच ये.’

लिहिलं, मी या प्रकरणात आहे, नियमाप्रमाणे मी नको. पोलिसांना सांगून दुसऱ्या शहरातून कोणी मागव, दोन दिवस लागतील.

उत्तर – ‘त्यांना सांगितलंय तू कोण ते. चालतं म्हणाले. ये म्हटलं ना.’

भुवया दिसत नाहीत फोनवर. पण यात प्रश्न नाही, एवढं मला आता वाचता येतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

जबानी झाली. दोन तास. शेवटी लिहून घेणाऱ्या पोलीसबाईने विचारलं, “घर सोडायचं तुम्ही आधीच ठरवलं होतंत. मग परत गेलात कोणाच्या सांगण्यावरून?”

काचेपलीकडच्या बाकावर पाळक बसले होते. माझं नाव घ्या, असं त्यांनी खळीला आल्या आल्या सांगितलं होतं. खळीने तिकडे पाहिलंही नाही. डावा हात उचलला आणि बोट माझ्या छातीवर टेकवलं.

मी म्हटलं, “हिच्या.”

“हिच्या म्हणजे?”

“दुभाषीच्या. लिहा.”